माजाचे दिवस

गाडी अंगणात उभी, मी दारात उभी, आणि आम्हा दोघींच्या मधे सव्वातीनशे किलोचा नर. त्याला कुठेही जायची घाई नव्हती. मला होती. लेकीला आठच्या आत शाळेत पोचवायचं होतं. दहा मिनिटं वाट पाहून शेवटी शाळेत फोन लावला. "आज उशीर होईल, दारात एल्क आहे." पलीकडच्या बाईंनी नवलही केलं नाही आणि चौकशीही केली नाही. "आज सकाळपासून तुम्ही चौथ्या," म्हणाल्या आणि फोन ठेवला.

पुण्यात होते तेव्हा उशिराच्या सबबी रचाव्या लागत. इथे सप्टेंबर उजाडला की सबब स्वतःच्या पायांनी चालत अंगणात येते.

'इथे' म्हणजे एस्टेस पार्क. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात, डेन्व्हरपासून गाडीने दीड तासावर, सात हजार पाचशे बावीस फुटांवर वसलेलं जेमतेम सहा हजार वस्तीचं गाव. म्हणजे कळसूबाईच्या माथ्याहून दोन हजार फूट वर. पाणी इथे ९२ अंशांनाच उकळतं, त्यामुळे तूरडाळ कुकरशिवाय शिजायचं नाव घेत नाही. गावाला लागूनच रॉकी माउंटन नॅशनल पार्क, १९१५ सालचं. उद्यानाची हद्द नकाशावर ठळक रेघेनं दाखवलेली असते. एल्कनी तो नकाशा पाहिलेला नाही. उन्हाळाभर ते वर, जिथे झाडं उगवायची थांबतात त्या उघड्या माळांवर चरतात. ऑगस्ट सरता सरता खाली उतरू लागतात, आणि खालच्या सपाट कुरणांत आता कुठे उद्यान आहे, कुठे गोल्फचं मैदान, कुठे हॉटेलची हिरवळ आणि कुठे आमचं अंगण. गवताला गवत लागलेलं असलं की त्यांच्या लेखी सगळी एकच जमीन.

एल्क म्हणजे काय, हे भारतातल्या नातेवाइकांना समजावताना माझी तारांबळ उडते. युरोपात एल्क म्हणतात ते मूसला, लोंबत्या नाकाच्या त्या अगडबंब जनावराला. अमेरिकेत आलेल्या गोऱ्यांनी इथलं हे मोठं हरीण पाहिलं आणि तेच नाव याला चिकटवून टाकलं. इथल्या शॉनी लोकांचा शब्द वापिटी, म्हणजे पांढऱ्या ढुंगणाचा. तो जास्त प्रामाणिक आहे. दिवसातून दहा वेळा आपल्याला दिसतं ते तेच. मी सांगते, सांबर पाहिलंय ना, त्याचा थोरला चुलतभाऊ समजा, खांद्याशी पाच फूट. सख्खं नातं सांगायचं तर काश्मीरच्या हंगुलशी. दोघं एकाच प्रजातीगटातले.

आम्ही २०२१ साली इथे राहायला आलो. नवऱ्याची नोकरी घरून करायची झाली होती, आणि डेन्व्हरच्या उपनगरातल्या भाड्यात इथे तीन खोल्या आणि एक डेक, म्हणजे लाकडी उघडा सज्जा, मिळत होता. घर दाखवणाऱ्या बाई जाता जाता म्हणाल्या होत्या, "फॉलमध्ये, पानगळीच्या दिवसांत, जरा आवाज असतो." मला वाटलं, प्रवाशांचा.

त्या आवाजाला इथे बगलिंग म्हणतात. बगल म्हणजे बिगूल. पण मला तो ऐकून आठवतं ते आपलं शिंग. पालखीपुढे, लग्नाच्या वरातीत फुंकतात ते, आणि तेही नवशिक्याच्या हातातलं. सुरुवातीला रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारावी तसा घुमता, खालचा सूर. मग तो चढत जातो, चढतच जातो, पातळ होतो, शिट्टी होतो, किंचाळी होतो, आणि आता हा फाटणार असं वाटेतो अचानक कोसळून खोकल्यासारखे चार-पाच ठसके. एवढ्या थोरल्या छातीतून खर्ज यायला हवा. युरोपातलं तांबडं हरीण डुरकतंही तसंच. याची मात्र शिट्टी. खरं तर हे जनावर एकाच वेळी दोन आवाज काढतं, घशातली डरकाळी आणि तिच्यावर चढलेली शीळ. जवळ उभं राहिलं तर खालचाही ऐकू येतो, लांबून फक्त वरचा. पहिल्या वर्षी सप्टेंबरच्या मध्यावर पहाटे साडेतीनला मी ताडकन उठून बसले, कारण शेजारच्या घरात कुणीतरी बाई संकटात आहे अशी माझी खात्री झाली होती. नवरा झोपेतच म्हणाला, "शिंग फुंकलं." रणशिंग फुंकणं हा वाक्प्रचार मी आयुष्यभर निवडणुकीच्या बातम्यांत वाचला होता.

दुसऱ्या वर्षी आई आली. २०२२ची गोष्ट. गौरी-गणपती सातारला उरकून, पितृपंधरवड्याच्या तोंडावर विमानात बसली. पहिल्या रात्री तिला जेटलॅगने झोप नव्हती. सकाळी चहा घेताना म्हणाली, "शेजारच्यांचं गेट रात्रभर करकरत होतं. बिजागरीला तेल घाला म्हणावं." मी तिला डेकवर नेलं. खाली हिरवळीवर सात माद्या रवंथ करत बसलेल्या, आणि त्यांच्या भोवती तो. मान लांब करून, ओठ वर उचलून वास घेत, मानेवरची काळी आयाळ चिखलानं लडबडलेली. वारा आमच्याकडे होता. आईनं पदर नाकाला लावला. "बोकडाचा वास येतोय," म्हणाली. येतोच. माजावरच्या बोकडाचा जसा लांबून येतो तसाच. हा प्राणी या दिवसांत डबकं उकरतो, त्यात मुततो आणि त्याच चिखलात लोळून तेच अत्तर अंगाला चोपडतो. आई थोडा वेळ पाहत राहिली आणि मग जे मला वर्षभर नेमकं सांगता आलं नव्हतं ते एका शब्दात बोलली. "माजलाय मेला."

इंग्रजीत या काळाला रट म्हणतात. मराठीत माज. गंमत म्हणजे हा शब्द मी लहानपणापासून ऐकलाय तो शिवी म्हणून. पैशाचा माज, खुर्चीचा माज, 'फार माजलीयेस तू' म्हणत पाठीत बसलेला धपाटा. आईचं माहेर माण तालुक्यात, खिलार जनावरांच्या मुलखात. तिच्या तोंडी तो शब्द वेगळा आहे. गाय माजावर आली की आजोबा दिनदर्शिकेवर खडूनं खूण करत. त्यात राग नाही, लाज नाही, कौतुकही नाही. पाऊस आला, वाफसा झाला, गाय माजावर आली. तारीख लिहून ठेवायची, कारण पुढचे हिशेब तिच्यावरून. गोठ्यातला माज म्हणजे ऋतू, शहरातला माज म्हणजे दोष. शब्द तोच. आम्ही पुण्यात वाढलेल्या पोरांनी फक्त दुसरा अर्थ आणला, पहिला गोठ्यात राहिला.

आणि वळू. तिच्या गावी देवाला सोडलेला वळू होता, तिच्या लहानपणी. तो कुणाच्याही शेतात शिरे, कुणाच्याही ओट्यावर बसे. एका लग्नात मांडवाखाली शिरून त्यानं अक्षतांचं तबक फस्त केलं होतं म्हणे. लोक शिव्या घालत, पण काठी कुणी उगारत नसे. तो बोळात आडवा बसला की लोक दुसऱ्या बोळानं जात. आईला इथे येऊन एल्कचं नवल वाटलं नाही ते त्यामुळेच. नवल वाटलं ते आम्ही दाराच्या आत उभे राहून मोबाइलवर त्याचे फोटो काढतो याचं. तिनं दोन दिवसांत त्याचं नाव ठेवलं, पाटील. डाव्या शिंगाचं तिसरं टोक तुटलेलं असल्यानं तो ओळखू यायचा. खिडकीतून ती आम्हाला वर्दी द्यायची, "पाटील आले, थांबा जरा." कळपाच्या कडेकडेनं एक पोरगेलासा नर फिरायचा, डोक्यावर फांदी न फुटलेल्या दोन सरळ काड्या. अशांना इथे स्पाइक म्हणतात. आईनं त्याला उमेदवार म्हणायला सुरुवात केली.

बाबांची तिथी आली. आईला पान ठेवायचं होतं, तेही खाली, हिरवळीवर. मी नाही म्हटलं. कोलोरॅडोत हरणांना, एल्कना खाऊ घालणं बेकायदा आहे, आणि कायदा नसता तरी वडा-खिरीच्या वासानं पाटलांच्या घरच्या मंडळींना डेकखाली बोलावण्यात शहाणपण नव्हतं. शेवटी वरच्या कठड्यावर ठेवलं. कावळा काही येईना. आला तो मॅगपाय, काळा-पांढरा, हातभर शेपटीचा. त्यानं आधी दहीभात बाजूला उडवला आणि वडा उचलून नेला. आईचा चेहरा पडला, तेव्हा मी सांगितलं की हा कावळ्याच्याच कुळातला, अगदी सख्ख्या भावकीतला. तिनं क्षणभर विचार केला. "वडा नेला ना? मग तेच आले," म्हणाली. खाली एक मादी मान वर करून हे सगळं पाहत उभी होती.

ज्याला आपण पाटलाचा जनाना म्हणतो, तो तसा नसतोच, हे मला आई इथे असतानाच कळलं, कारण त्यांना निरखत बसायला आईकडे वेळ होता. नर रात्रंदिवस धावतो, वळवतो, हाकलतो, ओरडतो. माद्या चरत असतात. कळप कधी उठायचा, कोणत्या दिशेनं जायचं, पाणी कुठलं, हे एक थोराड मादी ठरवते. ती उठली की सगळ्या उठतात, आणि मग पाटील धापा टाकत मागून जाऊन आपणच त्यांना हाकत आहोत असा आव आणतो. एखादीच्या मनातून तो उतरला तर ती शांतपणे चरत चरत शेजारच्या कळपाच्या दिशेनं सरकते. त्याचं लक्ष दुसऱ्या टोकाला असेल तेवढ्यात ती गेलेली असते. आई म्हणाली, "आमच्या गावच्या पाटलाचंही असंच होतं." पुढे काही बोलली नाही. मी विचारलंही नाही.

यावर उपाय काय, असं इथे कुणी विचारत नाही. दिनक्रम बदलतो, इतकंच. सकाळी दार उघडायच्या आधी खिडकीतून दोन्ही बाजू पाहायच्या, रस्ता ओलांडताना पाहतात तशा. कचऱ्याचा डबा रात्री ठेवायचा नाही, सकाळी ठेवायचा, आणि तोही पाटलाची परवानगी असेल तर. लेकीच्या शाळेत मधली सुट्टी काही दिवस वर्गातच होते. कपडे वाळत घालायची दोरी सप्टेंबरात काढून ठेवायची, झोपाळा काढायचा, टोमॅटोच्या रोपांभोवतीच्या तारा काढायच्या. नर या दिवसांत दिसेल त्यात शिंगं घालतो. झुडूप, कुंपण, बागेतली खुर्ची, काहीही. त्यात दोरी, हॅमॉक, दिव्यांच्या माळा अडकतात. कोलोरॅडोतच एका नराच्या गळ्यात मोटारीचं टायर अडकलं होतं. जुलै २०१९ मध्ये ते पहिल्यांदा लोकांना दिसलं, आणि निघालं ऑक्टोबर २०२१ मध्ये. दोन वर्षं तो ते गळ्यात घेऊन हिंडला. बेशुद्ध करून शेवटी सोडवलं तेव्हा टायरमधली तार कापेना, म्हणून त्याची शिंगंच कापावी लागली. ऐन माजाच्या दिवसांत. गळा मोकळा झाला, पण त्या वर्षीची उमेदवारी गेली.

त्यामुळे आमचा आकाशकंदील दिवाळीत नऊ फुटांच्या खाली लागत नाही. दोरी खाली लोंबू द्यायची नाही, हे पोरीलाही पाठ आहे.

आणि प्रवासी. इथे मी जरा कडू होते, त्याला इलाज नाही. सप्टेंबरअखेर अ‍ॅस्पेनची झाडं पिवळीधमक होतात. शनिवार-रविवारी डेन्व्हरकडून गाड्यांची रांग लागते. गावात एल्कच्या नावाचा उत्सव असतो, त्यात माणसं एल्कसारखं ओरडायची स्पर्धा लावतात (काही जण थक्क करणारे असतात, काहींचं ऐकून आईच्या करकरत्या गेटची आठवण येते). उद्यानात नियम चोख आहेत. एल्कपासून ७५ फूट, म्हणजे दोन बसगाड्यांइतकं अंतर. नकली आवाज काढून त्यांना बोलवायचं नाही, रात्री झोत टाकायचा नाही. मोरेन पार्क, हॉर्सशू पार्क अशा कुरणांत या दिवसांत संध्याकाळपासून सकाळपर्यंत पाय ठेवायला बंदी. रस्त्याकडेला स्वयंसेवक उभे असतात, थंडीत कुडकुडत तेच तेच प्रश्न गोड बोलून झेलत. पण गावात उद्यानाचे रखवालदार नाहीत. मी पाहिलंय, बाप पोराला खांद्यावर घेऊन नराच्या पंधरा फुटांवर उभा, आई फोटो काढते आहे, आणि नर मान खाली घालून डोळ्यांचा पांढरा भाग दाखवतो आहे. तो शांत उभा आहे म्हणजे तो सभ्य आहे, असा त्यांचा समज. शांत उभा राहून तो ठरवत असतो. इथे अंतर मोजायची सोपी खूण सांगतात. हात लांब करून अंगठा वर धरा, अंगठ्याआड अख्खं जनावर झाकलं गेलं तर ठीक, नाही तर मागे सरका. आईला हे फार आवडलं. माणसांनाही लावून पाहायला लागली.

माणसाची सवय होणं जनावराला भोवतं, हे या गावाला माहीत असायला हवं, कारण चौकात त्याचा पुतळा आहे. सॅमसन. नव्वदच्या दशकात गावात हिंडणारा भला थोरला नर, सगळ्यांच्या ओळखीचा. माणसांना बुजायचा नाही. ११ नोव्हेंबर १९९५ रोजी गावाजवळच्या वायएमसीएच्या आवारात एका चोरट्या शिकाऱ्यानं त्याला क्रॉसबोनं मारलं. पाठलाग करावा लागला नाही. लोक इतके हळहळले की १९९८ साली राज्यात त्याच्या नावानं ओळखला जाणारा कायदा झाला, मोठ्या शिंगांच्या जनावराची चोरटी शिकार केली तर नेहमीच्या दंडावर आणखी दंड, एल्कसाठी दहा हजार डॉलर. पुतळा सुरेख आहे. त्याच्या पायाशी पोरं चढून फोटो काढतात, अगदी जवळून.

खरं तर आज दिसतात ते एल्क इथले अखंड वारसदारही नाहीत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात डेन्व्हरच्या मटणबाजारासाठी त्यांची बेसुमार शिकार झाली, आणि १९००च्या सुमारास या खोऱ्यात एल्क जवळजवळ उरले नाहीत. लांडगेही संपवले. मग १९१३-१४ मध्ये यलोस्टोनकडून एल्क आणून इथे सोडले. लांडगा नाही, उद्यानात शिकार नाही, गवत मुबलक. ते वाढले, इतके वाढले की विलो आणि अ‍ॅस्पेनची कोवळी रोपं डोकंच वर काढेनात. २००८च्या सुमारास वीस वर्षांची योजना आखून उद्यानानं झाडांच्या राईच्या राई उंच जाळीनं कुंपणबंद केल्या, काही वर्षं थोडे एल्क मारलेही. त्या जाळीशी उभं राहिलं की दिसतं. आत कमरेपर्यंत झाडोरा, बाहेर खुरटलेलं गवत. डिसेंबर २०२३ मध्ये राज्यानं ओरेगॉनहून आणलेले १० लांडगे पर्वतरांगेच्या पलीकडे सोडले, लोकांनी मतदान करून मागितलं होतं म्हणून, तेही काठावरच्या बहुमतानं. ते इकडे आले तर आमच्या अंगणातलं राजकारण बदलेल. शेजारच्या आजींना ते हवेत. त्यांच्या गुरं पाळणाऱ्या भावाला नकोत. थँक्सगिव्हिंगला दोघं एकाच टेबलाशी बसतात आणि पावसापाण्याचं बोलतात.

घटस्थापना झाली. आईनं नऊ दिवस उपास धरले. साडेसात हजार फुटांवर, विरळ हवेत, साबुदाणा आणि पाण्यावर. तिसऱ्या दिवशी जिन्यात तिला गरगरलं. मी रागावले, सोड म्हटलं. ती खिडकीकडे बोट दाखवून म्हणाली, "तो नाही का धरून बसलाय?" मी निरुत्तर. पाटील खरंच खात नव्हता. एखादा घास तोडायचा, तेवढ्यात उमेदवार कडेनं सरकलेला दिसायचा, की हा धावलाच. महिनाभर हेच. माजात नर आपल्या वजनाचा पाचवा हिस्सा घालवतो. सव्वातीनशे किलोच्या अंगातून साठ-पासष्ट किलो, म्हणजे एक धडधाकट आई. दसऱ्याला पाटलाच्या बरगड्या डेकवरून मोजता येत होत्या. पुढे हिवाळा असतो, हाडं गोठवणारा, आणि त्यात आधी पडतात ते बहुतेक वेळा जिंकलेले नर, कारण हरलेल्यांनी वेळेवर खाऊन घेतलेलं असतं. ज्याचा माज सगळ्यात मोठा, त्याच्या अंगावर थंडीला सगळ्यात कमी चरबी. 'माज उतरवणं' असं आपण किती चवीनं म्हणतो.

झुंज मी नीट अशी एकदाच पाहिली, दसऱ्याच्या आदल्या सकाळी, तळ्याकाठच्या गोल्फच्या मैदानावर. रस्त्याच्या या बाजूला गाडीत आम्ही दोघी. बहुतेक वेळा प्रकरण तिथवर जातच नाही. दोघे नर समांतर चालतात, पन्नास पावलं इकडे, पन्नास तिकडे, एकमेकांची उंची डोळ्यांच्या कोपऱ्यातून मापत, आणि एक जण काहीतरी आठवल्यासारखं करून निघून जातो. त्या सकाळी कुणालाच काही आठवलं नाही. दोघे वळले, माना खाली गेल्या. शिंगांवर शिंगं आपटली तो आवाज धडाम असा नव्हता. टिपऱ्यांसारखा होता. कोरडा, टणक, भराभर. मग टिपऱ्या थांबल्या आणि रेटारेटी सुरू झाली. मागच्या खुरांनी हिरवळ सोलली जात होती, नाकांतून वाफ, आणि अधूनमधून शिंगं एकमेकांवरून घसरल्याचा किरकिर आवाज. ही शिंगं एप्रिलपासून वाढलेली असतात, भर उन्हाळ्यात दिवसाला इंचभर, मखमली कातडीखाली रक्त खेळवत. जिवंत हाडाची इतक्या वेगानं वाढ दुसरीकडे क्वचितच पाहायला मिळते. ऑगस्टमध्ये ती मखमल झाडांवर घासून काढतात. आपल्याकडे पोळ्याला बैलांच्या शिंगांना हिंगूळ लावतात साधारण त्याच दिवसांत. मोठ्या नराची जोडी १८ किलोपर्यंत भरते. आणि एवढं सगळं या मिनिटभरासाठी.

मिनिटभरच. दुसरा नर एक पाऊल चुकला, वळला, पळाला. पाटील थोडं मागे धावला, थांबला, मान मागे टाकून लांबलचक शिंग फुंकलं. मग माद्यांकडे वळला. सातातल्या तीन उमेदवारानं तेवढ्यात तळ्याच्या पलीकडच्या काठाला नेल्या होत्या. आणि थोराड मादी बाकीच्यांना घेऊन नेहमीच्या वेळी, नेहमीच्या वाटेनं, दवाखान्यामागच्या गवताकडे निघाली होती. पाटील दोन दिशांना आळीपाळीनं पाहत उभा राहिला. आई इतकी हसली की तिला ठसका लागला. गाडीतल्या थर्मासमधलं गरम पाणी दिलं तेव्हा थांबली.

कोजागरीला आम्ही डेकवर बसलो. ९ ऑक्टोबर, पूर्ण चंद्र, हातमोजे घालून. मसाला दूध उतू जायला इथे वेळ लागत नाही, तेवढा एक फायदा. लक्ष्मी मध्यरात्री विचारत फिरते, कोण जागं आहे. खालच्या दरीतून एक शीळ उठली, तिला गोल्फच्या मैदानाकडून उत्तर आलं, त्याला पार वरून, हॉटेलच्या मागच्या डोंगरातून तिसरं. आई म्हणाली, "सगळेच जागे दिसतायत. हिला आज बरीच दारं हिंडावी लागणार." साडेबारापर्यंत बसलो. दुधावर साय धरली आणि ती गोठली.

मग एकाएकी संपलं. दर वर्षी संपतं तसंच. ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात एका सकाळी जाग आली ती आवाज नाही म्हणून. नोव्हेंबरात पाटील आमच्या कुंपणाशी बर्फात गवत उकरत होता. शेजारी तोच पळालेला नर, दोघांच्या शिंगांत दोन हातांचं अंतर. दोघांनाही एकमेकांचं काही नव्हतं. आईचं परतीचं तिकीट आलं होतं. ती बॅगेत इथले बदाम भरताना म्हणाली, "याला जगवा." कसा, ते तिनं सांगितलं नाही आणि कायद्यानं मला करताही आलं नसतं. मार्चमध्ये कुंपणाबाहेर एक शिंग पडलेलं सापडलं, डावं. तिसरं टोक नव्हतं. म्हणजे मार्चपर्यंत तरी होता. सप्टेंबरात आला नाही. मेला, की दुसऱ्या खोऱ्यात गेला, की शिंगं बदलून आला आणि आम्हीच ओळखला नाही, कोण जाणे. नवी शिंगं आली की तुटलेलं टोकही नवं येतं. शिंग तिथेच ठेवलं, खारींनी आता ते निम्मं कुरतडलंय.

आईचे गुडघे त्यानंतर विमानाला राजी झाले नाहीत. पण भाद्रपद लागला की तिचा फोन येतो. "आले का गं पाटील?" तिच्या लेखी जो कुणी येतो तो पाटीलच. पद आहे ते, माणूस नव्हे. २०२३ साली अधिक श्रावण होता, सगळे सण महिनाभर पुढे गेले, आणि एल्क गणपतीच्या आधीच येऊन ठेपले. आईला ते पटेना. मी सांगितलं, त्यांना अधिक मास नसतो, दिवस लहान होत चालल्याचं त्यांच्या डोळ्यांना कळतं, त्यावर चालतं सगळं. "सूर्याचं पंचांग," ती म्हणाली, "बरं आहे, भांडण नाही."

यंदा एका पहाटे साडेसहाला तिचा फोन आला तेव्हा नवा नर अगदी खिडकीखाली होता. तिकडे संध्याकाळचे सहा, दिवेलागण. मी खिडकी उघडली, फोन हातभर बाहेर धरला. त्यानं मान मागे टाकली आणि असं शिंग फुंकलं की काचा थरथरल्या. मी फोन कानाला लावला.

"ऐकलंस?"

"काय? काहीच आलं नाही. मधेच बंद पडला होता का फोन?"

पुन्हा धरला. पुन्हा तेच. फोनला तो गोंगाट वाटत असणार. मागची गाड्यांची घरघर, पंख्याचा आवाज गाळतो तसा तो हाही गाळून टाकत होता. आईला माझा श्वास ऐकू येत होता, खिडकीची कडी वाजलेली ऐकू आली, पण पाटील नाही. तिसऱ्या खेपेला ती वैतागली. "असू दे, मला माहितीय कसा ओरडतो ते," म्हणाली, आणि सातारच्या घरात, देवघरासमोर उभी राहून तिनंच तो काढून दाखवला. खालून वर, वर, वर, आणि शेवटी चार ठसके. हुबेहूब. फोननं तो मात्र जसाच्या तसा पोचवला.

मागून काकूंचा घाबरलेला आवाज आला, "अगं बाई, काय झालं वहिनी?"